तारेचा कॅमेरा

शेजारच्या कुसुमताईंचा मुलगा कौतुकाने मोबाइल दाखवत म्हणाला, "बघा काकू, नेटवरचा कॅमेरा! आई काय करतेय, ते कुठूनही दिसतं."

पडद्यावर ताई अंगणात केस वाळवताना दिसत होत्या. मध्येच त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि घाईने पदर ओढून घेतला. स्वतःच्याच अंगणात!

गल्लीत चोऱ्या होऊ लागल्यापासून माझा मुलगाही तसाच कॅमेरा घ्यायचा म्हणत होता. मी त्याला फोन केला. "मला जुना ॲनालॉग, तारेचाच हवा. चित्रण घरातच राहू दे."

"अगं, मग मला तू कशी दिसणार?"

"नजर चोरावर ठेवायची आहे, माझ्यावर नाही. तुला मला बघावंसं वाटलं, तर घरी ये."

कॅमेरा तारेचाच बसला.