परग्रहावरची सून

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मी अमळनेरजवळच्या सासरी, त्या रविवारात जाऊन बसते. मी कोल्हापूरची नवी सून, अहिराणी अर्धीच कळायची. टीव्हीवर पृथ्वी बळकावलेल्या परग्रहवासीयांची मालिका चालू होती. ते दिसायला हुबेहूब माणसं, पण त्यांना रडता येत नसे. बंडखोर त्यावरूनच त्यांना ओळखत. बघायला एवढं गाव लोटायचं की घराच्या भिंती बाहेर सरकायच्या! आणि भरीत असं जहाल, की वाफेनं छपरावरचे कावळे शिंकायचे.

चुलतसासरे नानांनी आधी टीव्हीकडे, मग माझ्याकडे बोट दाखवलं. "बोलत नही, काही नही. हाई वहू बी तठलीच शे!"

सगळे खो-खो हसले. मला आई आठवली, डोळे भरले. आता जन्मभर रडूबाई म्हणणार, म्हणून मी मान खाली घातली.

तेवढ्यात सासूबाई गरजल्या, "नाना, देखा! मिरची लागनी पोरले, डोयामा पानी उनं. मानूसच शे ती, आपलीच शे!"

तेव्हा वाटलं, किती भोळ्या या! आज मनातल्या मनात त्यांच्या पाया पडते. माझ्या ताटात तोवर भरीत पडलंच नव्हतं, आणि वाढत तर त्याच होत्या.