शनिवारी न उठणारा बैल

हौसाबाई रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात, मोड आलेले वाल विकते. सकाळी रिक्षातून पाटी आणते, नाक्यावर गोणपाट अंथरते आणि गिऱ्हाइकासमोरच वाल सोलायला बसते. सोलायला वेळ लागतो, बायका उभ्या राहून कंटाळतात, म्हणून ती गोष्ट सांगते. काही जणी गोष्ट अर्धी राहिली म्हणून आणखी पाव किलो घेतात, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

आत्या ठमाबाईकडून आलेली तेल्याच्या बैलाची गोष्ट तिची सर्वांत लाडकी. गलबत फुटून खाडीकाठी आलेला एक तेली गावात घाणा घालतो. त्याचा बैल आठवडाभर राबतो, पण शनिवारी जागचा हलत नाही. एकदा पाटलाघरी लग्न निघतं आणि ऐन शनिवारी तेल संपतं. पाटील बैलाला ढकलतो, शेपटी पिरगाळतो. बैल आपला रवंथ करत बसलेला. शेवटी चिडून पाटीलच जू मानेवर घेतो आणि फेटा सुटेपर्यंत घाण्याभोवती फिरतो! आभाळात तीन चांदण्या दिसल्या की मगच बैल उठतो.

“पण तो उठत का नव्हता?” कुणी विचारलं की हौसाबाई सांगायची, “शनवार मारुतीचा ना! बैलाचा उपास होता.”

यंदा थंडीत ती हीच गोष्ट सांगत असताना दोन बायका वाल घ्यायला थांबल्या. एक होती ऋजुता, पेणच्या कॉलेजात इतिहास शिकवणारी. दुसरी तिच्या ओळखीची, सत्तरीतली एलिशेबा आष्टमकर. तिचा जन्म याच गावातला. लहानपणी आईवडिलांबरोबर इस्रायलला गेली, ती नवस फेडायला आता आली होती. गोष्ट चांदण्यांपाशी आली तशी एलिशेबाबाई मध्येच म्हणाल्या,

“तीनच का गो? दोन का नाय?”

हौसाबाईचे हात थांबले. “आत्या तीनच म्हणायची. का, ते मलाबी ठाव नाय.”

“मला ठाव हाय! आमचा शब्बाथ, म्हंजे शनवारचा इसावा, तीन चांदण्या दिसल्यावर सुटतो. तो बैल आमचा होता, बाई!”

“आँ? मारुतीचा बैल तुमचा कसा?”

बायका हसू लागल्या. मग ऋजुताने समजावलं. फार पूर्वी गलबत फुटून या किनाऱ्याला लागलो, असं इथले यहुदी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. गावोगावी ते तेलाचे घाणे चालवत. शनिवारी त्यांचा विसावा, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. “पाटलाने खरंच घाणा ओढला का, ते मी सांगू शकत नाही,” ती म्हणाली, “पण शनिवारी घाणे बंद असत, हे खरं.”

हौसाबाई इतकी वर्षं फक्त हसवायला गोष्ट सांगत होती; आता तिला एकदम त्या तेल्याचं अंगण, तेलाचा वास, निवांत बसलेला बैल असं सगळं डोळ्यांपुढे दिसू लागलं. “म्हणजे कुणीतरी खरंच होतं तितं,” ती हळूच म्हणाली.

एलिशेबाबाईंनी तिला नवसाच्या मलिद्याला बोलावलं. दुसऱ्या दिवशी हौसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. मलिद्याच्या ताटात नारळ, साखर आणि फळं घातलेले पोहे बघून तिने विचारलं, “पोहे कुठचे?”

“पेणचे. दुसरे कुठचे चालतात?”

मग जमलेल्या पाहुण्यांसमोर दोघींनी आळीपाळीने गोष्ट सांगितली. एलिशेबाबाईंच्या घरच्या गोष्टीत तेलीण दमलेल्या पाटलाला जुवातून सोडवून जेवायला वाढत होती आणि त्या दिवसापासून पाटील शुक्रवारीच तेल नेऊन ठेवत होता. हौसाबाईला हे जेवण फार आवडलं, पण फेटा सोडायला ती तयार नव्हती. शेवटी फेटाही राहिला आणि जेवणही. बैलाचा शनिवार मारुतीचा की शब्बाथचा, यावर मात्र दोघी हटेनात.

“बैलाला काय इचारता?” अखेर हौसाबाईच म्हणाली. “त्याला सुट्टी मिळाल्याशी मतलब!”

सगळं घर हसलं.

एलिशेबाबाई परत गेल्या. महिन्याभराने ऋजुताच्या फोनवर त्यांचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा ऋजुता नाक्यावर हौसाबाईकडेच वाल घेत होती.

“इथल्या पोरांना तुझी गोष्ट हिब्रूत सांगितली गो! पण पाटील म्हणजे काय ते त्यांना कळेना. मग मी त्याचा नगराध्यक्ष केला.”

“नगराध्यक्ष घाण्याला?” हौसाबाई इतकी हसली की सोललेले वाल मांडीवरून सांडले. “आन् पोरं काय म्हणाली?”

“म्हणतात, परत सांग.”

“मंग सांग की!” हौसाबाई म्हणाली, आणि सांडलेले वाल गोळा करू लागली.