बिनहवेचं एन्झाइम

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. उद्या जिला सांगायचंच आहे, तिच्यासमोर जीभ अडखळू नये म्हणून आधी तुम्हाला सांगतो.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी कल्याणच्या एका कॉलेजात शिकवत होतो, आणि तिथल्याच प्रयोगशाळेत पीएचडी करत होतो. पेशी डीएनएच्या विटा ज्या एन्झाइमने घडवते, तो माझा विषय. त्या एन्झाइमला ऑक्सिजन लागतोच — माझा अख्खा प्रबंध या एका वाक्यावर उभा होता.

मग शैला माझ्या हाताखाली आली. ठाण्याच्या खाडीकाठची, कोळ्यांची मुलगी. म्हणाली, "सर, आमच्या खाडीच्या चिखलात हवा नाय, तरी जंतू वाढतात. मग ते विटा कशाने बनवतात?"

मी हसण्यावारी नेलं.

तिने त्या चिखलातले जंतू बंद नळ्यांत वाढवले, त्यांच्यातून एन्झाइम काढलं. विटा घडवणारं, पण हवा लागली की मरणारं. पृथ्वीवर ऑक्सिजनच नव्हता, त्या काळापासून टिकलेलं असेल का हे? मी तिच्या नकळत प्रयोग करून पाहिला. तिचं बरोबर होतं. मला फार भीती वाटली — आणि खोटं कशाला बोलू, हेवाही.

आमच्या गाइडना दाखवायचं होतं त्या सकाळी ती चहाला गेली. आणि मी — हो, मीच — तिच्या नळ्यांची रबरी बुचं काढली. हवा आत जाऊ दिली. पुन्हा घट्ट बसवली.

एन्झाइम मेलेलं निघालं. गाइडनी मला विचारलं, तू करून पाहिलंस का? मी म्हटलं, पाहिलं, काहीच निघालं नाही. ते तिला म्हणाले, तुझ्या हाताला सफाई नाही. महिन्याभरात तिने संशोधन सोडलं.

नव्वदच्या दशकात परदेशातून लेख आले. असं एन्झाइम खरंच असतं. पुढे माझ्या आणि तिच्या, दोन्ही एन्झाइमांची रचनाही उलगडली — आतली घडी सारखीच, दोन्ही एकाच घराण्यातली. मी ते वर्गात फळ्यावर आकृत्या काढून शिकवतो. छान शिकवतो म्हणे. तिचं नाव? एकदाही घेतलं नाही.

गेल्या आठवड्यात ठाण्यात, नौपाड्याच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायला गेलो, तर सुई घेऊन समोर शैला. तिने मला लगेच ओळखलं. दंडाला बांधायचा पट्टा उचलत हसून म्हणाली, "घाबरू नका सर, आता हात सुधारलाय माझा."

मी बाही वर केली. उद्या पुन्हा तिच्याकडेच जाणार आहे.