अफूचं बोट

आमच्या तामलवाडीकडं तेव्हा लेकराला अफूचं बोट चाटवणं म्हणजे तीट लावण्याइतकी साधी गोष्ट होती. बाईला रानात जायचं असे, लेकरू झोळीत निजायला हवं असे, आणि निजामाच्या राज्यात अफू ठेक्याच्या दुकानात उघड मिळे. आमच्या घरी हे काम सासूबाईंचं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. गुडघ्यांच्या दुखण्यावर म्हणून त्या स्वतःही रोज अफू खायच्या, आणि त्यातलीच चिमूटभर दुधात कालवून माझ्या तान्ह्या लेकीला चाटवायच्या. चाटवली हे मात्र कुणी बोलायचं नाही. बोललं की दृष्ट लागते, अशी घरची समजूत. असल्या समजुती कोण काढतं देव जाणे.

ज्वारीची काढणी चालली होती, लेकीची झोळी बांधावरच्या झाडाला टांगलेली. आत्याबाई लेकीला चाटवून पाण्याला गेल्या. इकडं झोळीत ती कुरकुरली, तर धाकट्या जावेला वाटलं, आज राहूनच गेलं. वाटी तिथंच होती. तिनं बिचारीनं मायेनंच पुन्हा बोट चाटवलं.

दुपारी मी पाजायला आले, तर पोर तोंड उघडेना. ओठ काळेनिळे, श्वास कसाबसा.

"म्या चाटवली व्हती आत्ता," जाऊ म्हणाली.

आत्याबाईंच्या हातातली घागर खाली आली. "आगं, म्या बी चाटवली व्हती."

मग दुखऱ्या गुडघ्यांनी पोरीला घेऊन आत्याबाई बांधावरून येरझारा घालत राहिल्या. तळपायाला टिचक्या मारत, तोंडावर पाणी शिंपडत, "निजायचं न्हाय, माझे माय," असं बजावत. दिवस कलताना पोरीनं टाहो फोडला, तेव्हा मी तिला पदराखाली घेतलं.

त्या दिवसापासून तिची अफू बंद केली. पण एवढ्याशा जीवाला चटक लागली असेल, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती थरथरायची, नाक गळायचं, रडून रडून आवाज बसला. शेजारणी म्हणायच्या, जरा चाटवा, गप्प होईल. माझा जीव नुसता जळत होता. एकदा आत्याबाईंना तोंडावर म्हणाले, "तुमच्यापायी झालं हे."

त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं. "तिला काय व्हतंय ते ह्या घरात मला एकटीलाच ठावं हाय. हाडं कुरतडल्यावानी दुखत्यात, पोरी. तिची सुटंस्तवर म्या बी खात न्हाय."

आणि खरंच खाल्ली नाही. आतल्या खोलीत दोघी. पोर रडायची, आत्याबाई ओकायच्या, घामानं भिजायच्या, पण मांडी हलवायची थांबवायच्या नाहीत. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी दोघींचेही पाय चेपत बसायचे.

एका सकाळी पोर पोटभर प्यायली आणि आपल्या आपण झोपली. आत्याबाई कितीतरी वेळ तिच्याकडं बघत होत्या.

"सुटली न्हवं तिची?"

"सुटली, आत्याबाई."

"मग आता माझी मला दे."

त्यांनी हात पुढं केला. नाही म्हणायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यांचे ते हाल आणखी बघवले नसते. मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.