चर्च कुठंय?

मेक्सिकोतल्या आमच्या ओआहाका शहरात, गल्लीच्या तोंडाशी दोन्या कासिल्दा, म्हणजे कासिल्दाबाई, मक्याच्या पानात उकडलेले तमाले विकायची. त्या पानांचा वाफाळता वास अजून नाकात आहे. समोरच्या निळ्या दाराआड दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक भरायची. तिथं पहिल्यांदा येणारा माणूस कधी सरळ पत्ता विचारायचा नाही. इकडंतिकडं बघत म्हणायचा, “बाई, चर्च कुठंय?”

“मेल्या, डोक्यावर घंटा बडवतायत नि चर्च विचारतोस? त्या निळ्या दारात शीर. कॉफी फुकट आहे,” ती खेकसायची, आणि वर एक गरम तमाले त्याच्या हातात कोंबायची.

“बाजारात बस, धंदा दुप्पट होईल,” मी शेजारी पाव विकता विकता कितीदा सांगितलं. “एकजण यायचाय अजून,” म्हणायची नि हलायची नाही.

एका सकाळी तिचाच मुलगा इलारियो आला. लहानपणी त्याच चर्चची घंटा वाजवायचा तो. मान खाली घालून म्हणाला, “आई, चर्च कुठंय गं?”

ती खेकसली नाही. तिनं नुसतं निळ्या दाराकडं बोट दाखवलं.

पुढच्याच आठवड्यात तिनं टोपली बाजारात हलवली. आता चर्चचा रस्ता लोक मला विचारतात.