ओटा कोणाच्या मापाचा?

लोक मला विचारतात, "दगडाच्या धंद्यात तुला एवढे किस्से कुठून रे सापडतात?" अहो, दगड दुकानात असतो, मी नसतो! मी लोकांच्या स्वयंपाकघरात असतो. टेप लावायचा, लांबी-रुंदी लिहायची, एस्टिमेट द्यायचं, एवढंच काम. पण माणूस एकदा स्वयंपाकघरात शिरला की पाचव्या मिनिटाला त्याला घरातलं सगळं कळतं. कळू नये म्हटलं तरी कळतं. वर चहा पाजतात, मग पळूनही जाता येत नाही.

जळगावला नानांचं ग्रॅनाइटचं दुकान आहे. तिथे मी बावीस वर्षं मापं घेतोय. नानांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हे बघ भो, ओट्याची उंची पुस्तकात नसते. जी बाई तिथं रांधणार, तिला उभं कर, हात कोपरात वाकवायला सांग, जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लाव आणि चार इंच वजा कर. चुकलास तर ती बाई जन्मभर कंबर धरून तुला शिव्या घालील."

ऐकायला सोपं आहे. पण ह्या घरात उद्या कोण उभं राहणार, हे ठरल्याशिवाय टेप लावता येत नाही. आणि ते ठरवताना भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं!

*

जळगावातच एका कॉलनीत गेलो होतो. साहेबांनी मोबाईलवर फोटो दाखवला. पांढराशुभ्र ओटा, वर एक फुलदाणी. "सेम असाच पाहिजे. एस्टिमेट द्या."

वहिनी मागे उभ्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "नमुन्याचा तुकडा ठेवून जाता का?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तर वहिनी स्कूटीवरून हजर. पिशवीतून तुकडा काढून काउंटरवर ठेवला. रात्रभर त्यावर तेल, हळद आणि लिंबू ठेवलं होतं. मधोमध पिवळाजर्द डाग!

"हा डाग काढायचं एस्टिमेट आधी साहेबांना द्या," त्या म्हणाल्या, "मग ओट्याचं बोलू."

काळा ग्रॅनाइट बसला. फुलदाणी हॉलमध्ये गेली.

*

सिंकसाठी दगड मधून कापतात, तो तुकडा कोणाचा, ह्यावर आमच्याकडे जेवढी भांडणं झाली तेवढी शेताच्या बांधावरून झाली नसतील. एक रिटायर गुरुजी दोन तास हटून बसले. "ज्या जागी दगडच नाही, त्याचे पैसे कसे लावता?"

नाना शांतपणे म्हणाले, "गुरुजी, सदऱ्याचा गळा कापताना कापड निघतं. त्याचे पैसे शिंपी कमी करतो का?"

गुरुजींनी विचार केला. "नाही करत. पण माझी आई ते कापड मागून आणायची!"

नाना उठले आणि तुकडा स्वतःच्या हातानं गुरुजींच्या सायकलला बांधून दिला.

*

आता पाचोऱ्याचा सांगतो, तो हसण्यासारखा नाही.

दोघे भाऊ वेगळे निघत होते. घर एकच, मधे भिंत घालायची, स्वयंपाकघरं दोन. मोठ्याला सहा फूट ओटा दिला तर धाकट्यालाही सहाच फूट. नळ इकडे तर खिडकी तिकडे. दोघांनी मला मधे उभं करून चक्क तराजू केला होता. मी दोन्ही सुनांच्या कोपराचं माप घेतलं. एक उंच, एक बुटकी. तीन इंचांचा फरक.

त्यांची आई, अक्का, कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. मी चपला घालत होतो तेव्हा ती दारापर्यंत आली.

"भाऊ, दोन्ही ओटा सारखाच ठेव."

"का अक्का? सुनांची मापं वेगळी आहेत."

"त्या दोन्ही नोकरीले जातीस. मले तर दोन्हीकडे रांधनं शे."

मी परत आत गेलो आणि तिसऱ्यांदा टेप काढला. दोन्ही भाऊ खाली बघत होते.

*

माझी सगळ्यात मोठी चूक धुळ्याची. अजून आठवलं की लाज वाटते.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आठवडा होता. घरात एक उंचपुरी बाई पुरण वाटत होती. मी म्हटलं, ताई, हात वाकवा. माप घेतलं, पस्तीस इंची ओटा ठरला, चार दिवसांत बसवूनही दिला.

आठवड्यानं पॉलिश मारायला गेलो, तर ओट्याशी एक बुटकीशी पोरगी पायाखाली पाट घेऊन पोळ्या लाटतेय! ती त्या घरची सून. आखाजीला ती गेली होती तिच्या माहेरी, आणि मी माप घेतलं होतं माहेरपणाला आलेल्या नणंदेचं!

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "राहू द्या दादा. पाट आहे ना."

मला रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ओटा उतरवला, उतरवताना वरचा दगड तडकला. नानांनी नवा दिला, पण मला पुऱ्या दुकानासमोर झाडलं. "अरे, तू खान्देशातला ना? आखाजीत घरात लेक असते, सून नसते, हे तुला मी शिकवायचं?"

तेव्हापासून आखाजीत मापं बंद.

*

ह्या वर्षी मात्र चोपड्याकडच्या आबांचा फोन आला. केळीवाले, नानांचं जुनं गिऱ्हाईक. नाना नको म्हणत होते, पण आबा ऐकेनात. "आखाजीलेच धाड त्याले. सकायना धाड."

सकाळीच गेलो. बैठकीत तीन माणसं बसलेली. आबांचा जावई, जावयाचा चुलता आणि गावातला कोणी एक मध्यस्थ. आबांची लेक, चाळिशीच्या आतली, सहा महिन्यांपासून माहेरी होती, तिला न्यायला आले होते. मला कोणी बाहेर थांब म्हटलं नाही, त्यामुळे सगळं ऐकावं लागलं.

चुलता म्हणत होता, "हात उचलला त्यानं, कबूल आहे. आता नाही उचलणार. पण आबा, सहा महिने लेक घरात ठेवायची म्हणजे लोक काय म्हणतील?"

लेक स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. तिचा चेहरा मला दिसत होता. आबा हो म्हणतात की नाही, हे तिलाही माहीत नव्हतं.

आबा माझ्याकडे वळले. "तू तुनं काम कर. माप घे."

"कोणाचं, आबा?"

"पोरनं." आबांनी दाराआडच्या लेकीकडे बोट केलं.

आणि मी शहाणा! धुळ्याचा चटका बसलेला. म्हटलं, "आबा, ताई आखाजीच्या पाहुण्या. तुमच्या मंडळींचं घेऊ का?"

मला जीभ चावावीशी वाटली.

"पाहुनी नही ती," आबा म्हणाले. "जी आठे, या घरमा ऱ्हाई, तिनंच माप घे."

मी आत गेलो. ताईंनी हात वाकवला. पण कोपर अंगाशी घट्ट धरलं होतं. म्हटलं, "ताई, सैल सोडा." त्यांनी डोळे पुसले, श्वास घेतला आणि ताठ उभ्या राहिल्या. माझी सवय, आकडा मोठ्यानं बोलायची. "कोपर अडतीस. ओटा चौतीस!"

बाहेरून आवाज आला, "लिखी ले."

मी कागद घेऊन बैठकीत आलो. साधा कडप्पा घेतला तर एवढे, ग्रॅनाइट घेतला तर दुपटीच्या वर, असं सांगायला लागलो. चुलता चिडला. "आबा, आम्ही काय बोलतोय ते ऐकताय ना तुम्ही?"

आबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "गॅरनेट कितला वरीस टिकस?"

"आबा, आपण सगळे गेलो तरी राहील."

"मंग तोच टाक," आबा म्हणाले. "मना मांगे बी तिले कोनी आठून ऊठ म्हनाले नको."