कामरेजच्या बांधावरची धामण

सुरतेच्या आसपासचे साप पाहत फिरणं हे माझं काम. इच्छापोरकडची खाडी, तापीचा काठ आणि कामरेजची उसाची शेतं, अशा ठिकाणी आम्ही जुने पत्रे जमिनीवर टाकून ठेवतो. उबेला साप त्यांच्याखाली येतात. सकाळी जाऊन पत्रा उचलायचा, कोण आहे ते पाहायचं, टिपून घ्यायचं आणि पत्रा पुन्हा अलगद ठेवायचा.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे पटत नसे. शिकल्यासवरल्या पोरीनं सापांमागं फिरावं, हे काय! पण कापडाच्या लूमवरचं काम सुटल्यावर नवागामच्या खोलीत बसून ते कंटाळले आणि एका हिवाळ्यात माझ्यासोबत कामरेजला आले. लूमच्या खडखडाटानं त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून पत्रा उचलताना मी हातानंच खूण केली. खाली बिनविषारी धामण होती, माझ्या उंचीपेक्षा लांब. क्षणभर थबकली आणि सळसळत उसात गेली.

आप्पा बांधावर बसूनच राहिले. "नाग समजीसन गावले मी एक मारेल शे," ते म्हणाले. "ती बी अशीच धामण व्हती. कोनी सांगंच नई, माय."

त्यानंतर ते दर खेपेला येऊ लागले, पत्रे स्वतः उचलू लागले. शेताचा मालक साप दिसला की काठी उचलायचा. ही उंदीर खाते, तुझाच ऊस वाचवते, असं मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगून आप्पांनी त्याला बांधावरची झुडपं राखायला लावलं. दोघं शेतातच चहा प्यायचे.

यंदा मालकाचाच फोन आला, पत्रे घेऊन जा म्हणून. "बेन, तमारा पतरा लई जाव."

त्याच्या भावांनी जमीन प्लॉटिंगला विकली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा जेसीबीनं बांध सपाट केला होता. पत्रे मात्र मालकानं स्वतः बाजूला रचून ठेवले होते.

"में तो ना पाडी हती, काका," तो म्हणाला. म्हणजे तो विकायला नकोच म्हणत होता. आप्पांना ऐकू गेलं नाही. त्याला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं आणि सांगता सांगता त्याला रडू फुटलं. आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

ते पत्रे आता आम्ही पुढच्या कालव्याच्या कडेला टाकलेत. एकदा पाण्यातली दिवड दिसली, बाकी विंचू, पाली. धामण नाही. आप्पा अजून येतात, पण पत्र्याला हात लावत नाहीत.

"तूच देख," म्हणतात आणि दुसरीकडे पाहत उभे राहतात.